मदत हवी आहे: वर्डप्रेसच्या आर्काइव्ह पानावर दिवाळी अंक वर्षानुसार लागत नाहीत

नमस्कार मंडळी. नागपुरात महालात आमचं छोटं वाचनालय आहे. तिथल्या जुन्या दिवाळी अंकांची सूची वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायची प्रणाली) चढवतोय. अंकांसाठी वेगळा पोस्ट टाइप (नोंदींचा प्रकार) केला, चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आधारलेली आपली थीम) त्याचं आर्काइव्ह टेम्प्लेट, म्हणजे यादीच्या पानाचा साचा, ठेवलं. ते बरोबर उचललं जातं.

आधी टेम्प्लेटमध्येच नवी डब्ल्यूपी_क्वेरी (नोंदी मागवणारा कोड) लिहिली होती. पहिलं पान झकास, ‘पुढे’ दाबत गेलं की शेवटच्या पानांवर ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’. पानांचा हिशेब मुख्य क्वेरी ठेवते हे कळल्यावर सगळं प्री_गेट_पोस्ट्समध्ये (मुख्य क्वेरी चालण्याआधी ती बदलू देणारा हुक) हलवलं, तेही ॲडमिनची पानं वगळून. ते दुखणं गेलं.

आता खरी अडचण. जुना अंक आधी असा क्रम हवा, म्हणून वर्षाच्या फील्डवर मेटा_व्हॅल्यू_नम (आकडा धरून क्रम लावणं) लावलं. पण नोंदी दोघांनी केल्यात. एकाने वर्ष देवनागरीत लिहिलं, दुसऱ्याने इंग्रजी आकड्यांत. मायएस्क्यूएल (वर्डप्रेसचा डेटाबेस) देवनागरी १९६२ चं शून्य करतं, त्यामुळे ते सगळे अंक वरच गोळा होतात. आणि काहींची मुखपृष्ठं नि पहिली पानंच फाटलेली, कडेला पिवळी पडलेली चिकटपट्टी. त्यांचं वर्ष रिकामं, नोंदीला वर्षाची ‘मेटा की’ (त्या फील्डचं नाव) जोडलेलीच नाही. ते अंक यादीतून गायब! नेमके तेच जास्त दुर्मीळ आहेत हो.

वर्ष इंग्रजी आकड्यांत साठवून दाखवताना देवनागरी करावं, असं मला वाटतं. झालेल्या नोंदी एकदम कशा बदलू? आणि मेटा_क्वेरीत (फील्डनुसार लावायच्या अटी) ‘नॉट एक्झिस्ट्स’, म्हणजे ‘की नसलेले’, जोडून बिनवर्षाचे अंक सर्वांत शेवटी कसे ठेवायचे? कुणी केलं असेल तर कोड दाखवा, प्लीज.