विषय: शनिवारचा जळगावचा रोजगार मेळावा, बायोडेटा आज रात्रीच बदलायला हवेत

प्रेषक: चोपड्याची ताई (सध्या जळगाव मुक्कामी)

मंडळी, मेळाव्याला जाणाऱ्या आपल्या मुलांचे बायोडेटा आज हातात घेतले. तीसच्या तीस सारखे! पहिलं वाक्य सगळ्यांचं एकच, "नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद". छंद सगळ्यांचे वाचन आणि क्रिकेट. ठिबक, पाइप, डाळमिलवाल्यांची टेबलं मोजकीच. एकाच माणसापुढे हे कागद एकावर एक पडणार. महास्वयमवरची (सरकारी रोजगार पोर्टलवरची) नोंदणी झाली आहे, तिची काळजी नाही. आज रात्री दहा जण फोनवर बसाल का? प्रत्येकाने तीन मुलं.

प्रेषक: खजिनदार, दुबई

ताई, तो नमुना मागच्या वर्षी मी बनवला, समितीने मंजूर केला. त्याआधी पोरं वहीचं पान फाडून न्यायची, हे विसरू नये. छपाईचे पैसे दिलेत. पुन्हा छापायचं तर आधी विचारायला हवं होतं.

प्रेषक: चोपड्याची ताई

काका, मांडणी तुमचीच राहील, ती चांगली आहे. पण पारोळ्याचा एक मुलगा, आयटीआय इलेक्ट्रिशियन, तीन उन्हाळे मामाच्या दुकानात पाणबुडी मोटरी भरतोय, म्हणजे जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग नव्याने करतोय. कागदावर त्याचा एक शब्द नाही. विचारलं तर म्हणे, "ते तं घरचं काम." अशी किती निघतील?

प्रेषक: भुसावळवाले

मूळ गुणपत्रिका कुणाकडे सोडायची नाही, हे आधी सांगा. मी एका कंपनीला दिली होती, परत मिळायला चार महिने गेले. तेवढ्यात दुसरी नोकरी हुकली. झेरॉक्सवर सही करून द्या. आणि पहिली एसटी पकडा, दुपारी टेबलवाले थकलेले असतात.

प्रेषक: अमळनेरकर, न्यू जर्सी

एसटीचं बरोबर. पण मुलं बोलतील कशी? अहिराणी तोंडात आली की लाजतात. १९४५ साली अमळनेरला सुरू झालेल्या तेलाच्या कारखान्यात, म्हणजे आजच्या विप्रोत, आमचे आजोबा लागले ते मुकादमाशी अहिराणीतच बोलून.

प्रेषक: यावलची, पुणे

मी तीन मेळाव्यांत टेबलापलीकडे बसले आहे. हेल कुणी मोजत नाही. नाव सांगून गप्प होणारा मात्र लक्षात राहत नाही. पाठ केलेलं इंग्रजी दुसऱ्याच प्रश्नाला तुटतं. मोटर किती एचपीची होती, का जळली, वाइंडिंगला किती वेळ लागला, हे त्याला मराठीत सांगू द्या. "माले मोटर भरता येस" असं निघालं तरी चालेल, समोरचा बहुधा जळगावचाच असतो. निघताना त्याचं नाव विचारून वहीत टिपायचं. आठवड्याने फोन करताना तेच कामी येतं.

प्रेषक: खजिनदार, दुबई

पुन्हा छापा, पैसे मी पाठवतो. पारोळ्याचा मुलगा माझ्याकडे द्या. माझी पहिली नोकरी पंपांचीच. भारतातले रात्री नऊ, माझे साडेसात. त्याला मामाच्या दुकानातूनच फोन लावायला सांगा, मोटर समोर असू दे.