लघुकथेचं कथानक आणि पात्रचित्रण: पुस्तक सुचवा (बजेट ३००)

पारोळेकर: एम.ए. मराठी बाहेरून करतेय. कथेवर उत्तर लिहायला बसलं की नुसती गोष्टच सांगून होते. कथानक, पात्रचित्रण नीट समजेल असं एक पुस्तक सांगा. ३०० च्या वर नको. घरात आत्याकडची जी.ए. कुलकर्णींची 'काजळमाया' आहे, कथासंग्रह, तो चालेल?

रावेरकर_भाऊ: ताई, कथासमीक्षेचा सगळा संचच घ्या. मी बाराशेला घेतला. कपाट कसं भरून दिसतं!

निवृत्त_मास्तर: संच कशाला? इंग्रज लेखक फॉर्स्टरचं १९२७ चं 'अ‍ॅस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' बघा. राजा मेला, मग राणी मेली, ही गोष्ट. राजा मेला, त्या दुःखानं राणी मेली, हे कथानक. सपाट (एकाच गुणाची) आणि गोलाकार (अनेक पैलूंची) पात्रं हेही त्यातलंच.

तापीकाठ: ते कादंबरीवरचं, मास्तर. लघुकथेत पात्र गोलाकार व्हायला पानं कुठंयत?

निवृत्त_मास्तर: तत्त्व तेच.

भुसावळ_जंक्शन: गाईड अजिबात नको. माझ्यातली अर्धी पानं उलटी शिवलेली निघाली, दुकानदार बदलून देईना. 'माणदेशी माणसं' घ्या, मस्त कथा.

तापीकाठ: भो, ती व्यक्तिचित्रं. माणूस कसा उभा करावा ते शिका, कथानक शोधत बसू नका.

भुसावळ_जंक्शन: आमचे सर कथाच म्हणायचे.

धुळेकरीण: ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मेजाय' घ्या ना. डेला केस विकून जिमच्या घड्याळाला साखळी आणते, तो घड्याळ विकून तिच्या केसांना कंगवे. दोघांतलं एक जरी हिशेबी असतं तर कथा घडलीच नसती. प्रत्येक कथेला हेच विचारायचं: इथं दुसरं माणूस असतं तर हे झालं असतं का? उत्तर तिथून सुरू करा. पुस्तक वाचनालयातून आणा, विकत कशाला?

निवृत्त_मास्तर: मी वेगळं काय म्हटलं? कार्यकारण.

चोपडेकर: जी.ए. पहिल्यांदा नकोच. डोकं धरून बसाल.

तापीकाठ: +१. जी.ए. नंतर.

रावेरकर_भाऊ: माझा संच हजाराला देतो. कोरा आहे.

पारोळेकर: धुळ्याच्या ताईंचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. पण वाचायला 'काजळमाया'च काढलीय. पहिली कथा दोनदा वाचली, अजून काही लागत नाही. भाऊ, संच नको.