रोड किंगला लोअर्स: पावसासाठी बसवावेत की उन्हाच्या भीतीने टाळावेत?

घाटवेडा
पावसाळा तोंडावर आलाय म्हणून विचारतोय. खरं तर अर्धं मन बनवूनच आलोय. गाडी हार्ले रोड किंग, इंजिन मिलवॉकी-एट 107, म्हणजे 1745 सीसी. मागच्या जुलैत पुण्याहून आंबोलीला गेलो. वरून रेनकोट, समोर विंडशील्ड, त्यामुळे छाती कोरडी राहिली. गुडघ्याखाली मात्र नदी. पुढच्या ट्रकने उडवलेलं सगळं पाणी थेट नडग्यांवर, तिथून बुटात. निपाणीला मोजे पिळले तेव्हा चहावाला हसला.

म्हणून आता लोअर्स घ्यायचे आहेत, म्हणजे पायांपुढे वारा-पाणी अडवणारी टणक आवरणं, इंजिन गार्डवर (पुढच्या लेगगार्डवर) दोन्ही बाजूंना बसतात ती, हवेची झडप असलेली. माझं म्हणणं असं की आपल्याकडे चार महिने पाऊस पडतो, तेव्हा टूरिंगच्या गाडीला हे कंपनीकडूनच यायला हवेत. ज्यांचा विरोध आहे त्यांनी कारण सांगा. "गाडीचं रूप जातं" हे कारण धरणार नाही.

तेलकट हात
रूप गेलं खड्ड्यात, उष्णतेचं बोला. व्ही-ट्विनमध्ये, म्हणजे तुमच्यासारख्या एकामागे एक दोन सिलिंडरच्या इंजिनात, मागचा सिलिंडर पुढच्याच्या आड लपलेला असतो. त्याला वारा मिळतो तो बाजूने वळून येणारा, आणि लोअर्स नेमका तोच बाहेर ढकलतात. तुम्ही चार महिने कोरडे राहाल आणि आठ महिने उजवी मांडी भाजून घ्याल.

दुसरं, "हार्लेच्याच अल्ट्राला असतात, मग मला का नकोत" असं मनात असेल तर ते काढून टाका. अल्ट्राच्या लोअर्समध्ये रेडिएटर असतात, तिथे सिलिंडर हेड पाण्याने थंड होतं. तुमच्या रोड किंगचं हेड तेलावर थंड होतं. दिसायला सारखे, काम वेगळं.

घाटवेडा
रेडिएटरचं माहीत नव्हतं, मान्य. पण उष्णतेचा मुद्दा अर्धाच पटला. नवले पुलावर अडकल्यावर वारा असतो कुठे? लोअर्स असोत-नसोत, भाजायचं ते भाजणारच. गाडी फार तापली की उभ्या उभ्या मागचा सिलिंडर बंद ठेवायची सोय तिच्यातच आहे. हायवेला झडपा उघडल्या की झालं.

तेलकट हात
उभ्या गाडीचं म्हणतच नाहीये मी. फरक पडतो तो ताशी वीस ते चाळीसला. खंबाटकी चढताना पुढे उसाचा ट्रॉलीवाला, ओव्हरटेकला जागा नाही, इंजिनवर ताण आणि वारा जेमतेम. तिथे जी थोडी झुळूक मिळते तीही तुम्ही अडवणार. आणि झडप तळहाताएवढी असते हो, खिडकी नव्हे.

जुना बॉक्सर
थोडं जुनं सांगतो, म्हाताऱ्याला माफ करा. 1976 मध्ये बीएमडब्ल्यूने आर100आरएस काढली, तिचं पूर्ण फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण) वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घडवलेलं होतं. तीही हवेवर थंड होणारी गाडी, पण लोक मजेत लांब लांब फिरले. कारण तिचे दोन्ही सिलिंडर कान पसरल्यासारखे बाजूला बाहेर, थेट वाऱ्यात. त्याच काळात अमेरिकेत क्रेग व्हेटरची विंडजॅमर फेअरिंग जोरात खपत होती, तिलाही खाली जोडायचे लोअर्स वेगळे मिळत. होंडाची गोल्ड विंग तर 1975 पासून पाण्यावरच थंड होते, तिला कितीही झाका.

म्हणजे लोअर्स चांगले की वाईट हे इंजिन ठरवतं. तेलकट हातांचं म्हणणं तुमच्या गाडीपुरतं बरोबर आहे. "टूरिंगला लोअर्स नकोतच" असं कोणी म्हणत असेल तर ते चूक.

मिनेसोटाकर
माझ्याकडे हार्लेचीच स्ट्रीट ग्लाइड आहे, तिलाही कंपनीकडून लोअर्स येत नाहीत. ऑक्टोबरात लावतो, मे संपता काढतो. इथे थंडीत ते नसतील तर गुडघे दुसऱ्याचे वाटायला लागतात. जुलैत एकदा आळसाने काढले नव्हते, पुन्हा तसं करणार नाही. तेलकट हातांना माझं मत.

घेणारच असाल तर बसवण्याचं सांगतो, कारण लोक चुकतात ते तिथेच. गार्डची नळी सव्वा इंचाची आहे का ते आधी मोजा, बाहेरचं गार्ड असेल तर क्लॅम्प बसतीलच असं नाही. सगळे बोल्ट आधी हाताने नुसते धरवा, दोन्ही बाजू समोरून सारख्या दिसेपर्यंत हलवा, मग पाना. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून मडगार्ड किंवा ब्रेकची नळी कुठे घासत नाही ना ते बघा. बोल्ट सैल होऊ नये म्हणून निळं लॉकटाइट, प्लास्टिकखाली रबरी वायसर. लोअर्सचं एबीएस प्लास्टिक फार आवळलं की भोकापासून तडा जातो, माझा गेलाय.

स्वस्तातले फायबरचे घेऊ नका. भोकं जुळत नाहीत, मग घरी ड्रिल, मग शिव्या. आणि गार्डवर हायवे पेग (पाय लांब करून टेकवायचे) असतील तर त्यांची जागा जाते. त्यांना वेगळा माउंट लागतो.

घाटवेडा
पेगचं कोणीच सांगितलं नव्हतं! पाय लांब केल्याशिवाय मला सातारा गाठता येत नाही.

रंकाळा रायडर
भावा, एवढा खर्च कशाला? आमचे काका थंडीत बुलेटच्या लेगगार्डला रेक्झिनचं कव्हर बांधून पहाटे दूध घालायला जायचे. तेच शिवून घे की. दाबाची बटणं लाव, पाऊस थांबला की काढून सॅडलबॅगेत. तिकडे अमेरिकेतसुद्धा गार्डवर असलेच कापडी चॅप्स लावतात म्हणे. कोल्हापुरात सीट कव्हरवाला एका दुपारीत करून देतोय, नाद खुळा.

तेलकट हात
हे पटलं. फक्त उजवीकडे पुढच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट पाइप जवळून जातो. कापड फडफडून त्याला टेकलं तर रेक्झिनचा वास पार कराडपर्यंत येईल. खालची कड ताणून बांधा.

पावसाळी पक्षी
मी विरोधातच. रेक्झिन शिडासारखं फुगतं. साताऱ्याच्या वर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे आडवा वारा सुटला की मला गाडी ढकलल्यासारखी वाटली, कव्हर सोडून परत आलो तर फरक कळला. टणक लोअर्स निदान आकार धरतात. आणि दादा, निम्मं पाणी स्वतःच्या पुढच्या चाकाचं असतं, ते आतून येतं. नडगी वाचेल, बूट वाचणार नाही. खरे वॉटरप्रूफ बूट आणि त्यावर गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारी आवरणं, घ्या. गाडीला काही लावायला नको, आरटीओची कटकट नको. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे पाच हजारांपर्यंत दंड आहे.

जुना बॉक्सर
क्लॅम्पने बसणारी, चेसिसला हात न लावणारी वस्तू त्या कलमात येते का यावर वाद घालता येईल. पण भर पावसात नाक्यावर हवालदाराशी तो वाद घालायची हौस मला नाही.

घाटवेडा
बूट आहेत. वॉटरप्रूफ म्हणून घेतले, आंबोलीत वरून पाणी भरलं आणि मग तेच वॉटरप्रूफपणे आत राहिलं. गेटर नव्हते, ही चूक माझी.

टणक लोअर्स तूर्त थांबवतो, ते पेगमुळे, उष्णतेमुळे नाही. तेलकट हातांनी उगाच खूश होऊ नये. रंकाळा, त्या सीट कव्हरवाल्याला गार्डचं माप फोटोवरून चालेल की गाडी घेऊन यावं लागेल?

रंकाळा रायडर
गाडीच घेऊन ये. पाऊस असला तर आणखी बरं, लगेच तपासता येईल.