अनुभव धागा: पोलीस, लॅब, अग्निशमन, तपास… आत नेमकं काय काम असतं?

घाटमाथा
परवा पहाटे मैदानावर गोळा फेकणारी पोरंपोरी दिसली आणि भरतीचे जुने दिवस डोळ्यांपुढे आले. बारावी झाली की घरचे सांगतात ‘पोलिसात जा’. पण शिपाई, चालक, एसआरपीएफ (राज्य राखीव पोलीस दल) आणि पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) ही चार वेगळी आयुष्यं आहेत, हे कुणी सांगत नाही. फॉरेन्सिक लॅब (गुन्ह्यातले पुरावे तपासणारी प्रयोगशाळा), अग्निशमन, पोलीस पाटील यांचं तर नावही निघत नाही. ज्यांना जे पक्कं माहीत आहे ते लिहा. आत्मचरित्र नको, पोरांच्या कामी येईल असं हवं.

सुरुवात मी करते. जिल्हा पोलीस शिपाई: मैदानी ५० गुण, लेखी १००. मैदानात मुलांना १६०० मीटर (२० गुण), मुलींना ८०० मीटर (२०), शिवाय दोघांनाही १०० मीटर (१५) आणि गोळाफेक (१५). गोळा मुलांना ७.२६० किलोचा, मुलींना ४ किलोचा. मैदानीत निम्मे गुण नाहीत तर लेखीचं नावच काढू नका. आणि निम्मे मिळाले तरी एका जागेमागे दहाच जण लेखीला बोलावतात, म्हणून २५ गुणांवर समाधान मानणारा घरी बसतो.

ट्रॅकवाला
१६०० ला पूर्ण गुण म्हणजे ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत. ४०० च्या ट्रॅकवर चार फेऱ्या, म्हणजे फेरीला साधारण ७७ सेकंद. पोरं पहिली फेरी ६८ मध्ये काढतात, तिसरीत पाय दगड होतात आणि शेवटी सहा मिनिटं लागतात. पहिली फेरी ७८, दुसरी ७८, तिसरीत दात-ओठ खाऊन तोच वेग, चौथीत उरलेलं सगळं. मुलींना ८०० ला २ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे ८५ च्या दोन फेऱ्या.
गोळा तळहातावर ठेवू नका, बोटांच्या मुळाशी धरा आणि मानेला चिकटवा. फेकल्यावर तोल जाऊन पाय रेषेबाहेर पडला की फाऊल. साडेआठ मीटरला पूर्ण १५ (मुलींना ६ मीटर). ही ताकद खांद्यातून येत नाही, मागच्या पायातून येते.

भिंगरी
@ट्रॅकवाला दादा, नडगी दुखते हो. महिना झाला.

ट्रॅकवाला
डांबरी रस्त्यावर पळतेस ना? मातीवर जा. चार-पाच दिवस पळणं बंद, सायकल चालव. परत सुरू करताना अंतर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नको. एकाच जागी बोट ठेवल्यावर जीव जातोय असं असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, एक्स-रे काढच.

केवडा
आणि नवे बूट भरतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस गं. फोड येऊन रडणाऱ्या पोरी दर वर्षी दिसतात. पहाटे नाचणीची आंबील, वर केळं. मैदानावरची थंड पेयं नकोत.

भिंगरी
हो ताई 🙏 आई आंबीलच करते

वऱ्हाडी
एसआरपीएफ वेगळं आहे भाऊ. उंची १६८ लागते (जिल्हा पोलिसात मुलांना १६५), मैदानी १०० गुणांची, त्यातले ५० एकट्या ५ किलोमीटरला. काम बंदोबस्ताचं. निवडणूक, सण, दंगल, नक्षलग्रस्त भाग. बॅग कायम भरलेली. ज्याला तपास करायचाय त्यानं इकडं येऊ नये, तपास पोलीस ठाण्यात असतो.

नोंदवही
तपास करायचा असेल तर पीएसआय. एमपीएससीची संयुक्त पूर्व १०० गुणांची, मुख्य ४०० ची, मग शारीरिक, मग ४० गुणांची मुलाखत. शारीरिक चाचणी आता अर्हतेपुरतीच, तिचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. म्हणून काही जण मैदान शेवटच्या दोन महिन्यांवर ढकलतात. पण पुल-अप्स दोन महिन्यांत येत नाहीत! प्रशिक्षण नाशिकच्या अकादमीत.
पूर्वला चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. शिपाई भरतीच्या लेखीत कापत नाहीत. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांचा गोंधळ इथंच होतो.
पदवीधरांनी एसएससी सीजीएल (केंद्राची पदवीधरांसाठीची भरती परीक्षा) हीही बघा. सीबीआय आणि एनआयएचे (राष्ट्रीय तपास संस्था) उपनिरीक्षक त्यातूनच जातात.

सीलबंद
लॅबबद्दल सविस्तर लिहितो, कारण या विषयावर खोटे क्लास फार निघालेत.
आपल्याकडं न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहेत, मुख्यालय मुंबईत कलिनाला. पोलीस बोलीत अजूनही ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. वैज्ञानिक सहायकासाठी विज्ञानाची पदवी लागते, रसायनशास्त्र असेल तर उत्तम. तीन महिन्यांच्या ऑनलाइन फॉरेन्सिक डिप्लोमावर कुणी घेत नाही. शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचं औरंगाबाद) आहेत. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा गोव्यात कॅम्पस आहे.
बोटांचे ठसे मात्र या लॅबमध्ये नसतात, ते सीआयडीच्या अंगुली मुद्रा केंद्रात. ठशांची आवड असलेली पोरं लॅबच्या जाहिरातीची वाट बघत बसतात.
काम कसं असतं? रक्ताचा डाग लागलेला शर्ट सावलीत वाळवून कागदी पाकिटात यायला हवा. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत आला की बुरशी धरते, डीएनए खराब होतो, मग कितीही महागडं यंत्र असो. विषबाधेतला व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) मिठाच्या संपृक्त द्रावणात यावा, फॉर्मेलिनमध्ये नाही. सोबत त्याच मिठाच्या द्रावणाचा वेगळा नमुना आणि सीलचा ठसा. सील जुळलं नाही तर बचावाचा वकील तिथंच पकडतो. म्हणजे अर्धी नोकरी नोंदी ठेवण्याची आहे. ज्याला लेबल लिहायचा कंटाळा येतो त्यानं दुसरं काही बघावं.
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा), सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं, अशी तरतूद आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे माणसं लागणार.

नोंदवही
@सीलबंद भारी लिहिलंत काका. सायबरवाल्यांसाठी भर: मोबाइल जप्त केला की नेटवर्क तोडायचं, नाहीतर दुरून सगळं पुसता येतं. पुराव्याच्या प्रतीची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली तर बदलणारा सांकेतिक आकडा) काढायची, ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात लागते. कोडिंग येणाऱ्यांनी पंचनामा वाचायलाही शिकावं.

पाणबंब
अग्निशमन विसरू नका. राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाचा अग्निशामक पाठ्यक्रम सहा महिन्यांचा, उपस्थानक अधिकाऱ्याचा एक वर्षाचा. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, तिथं फायर इंजिनिअरिंगची पदवीही होते. गल्लीतल्या ‘फायर सेफ्टी’ डिप्लोमाला पैसे भरण्याआधी आपल्या महापालिकेच्या जुन्या जाहिरातीत तो मान्य होता का ते बघा. उंची, वजन पालिकेप्रमाणे बदलतं.
श्वसनयंत्राचं गणित आत्ताच शिका: ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) म्हणजे साधारण १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरली तर कागदावर ४५ मिनिटं. जिने चढताना, माणूस उचलताना ती निम्म्यात संपू शकते. शेवटच्या पन्नासेक बारला शिट्टी वाजते. शिट्टी वाजेल तेव्हा तुम्ही बाहेर असायला हवं, परत फिरायला तेव्हा सुरुवात करायची नाही.

केवडा
वाचून अंगावर काटा आला. १४ एप्रिलला मुंबई गोदीतल्या १९४४ च्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांना मानवंदना देतात, ती आमच्या मुलांना नक्की दाखवणार.

नुसती_वाचक
प्रायव्हेट डिटेक्टिव्हचं लायसन्स कुठं मिळतं? भाचा विचारतोय

नोंदवही
ताई, भारतात डिटेक्टिव्हसाठी लायसन्सचा कायदाच नाही. २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं, कायदा झाला नाही. ‘सरकारमान्य डिटेक्टिव्ह कोर्स’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. खरं काम विम्याच्या दाव्यांच्या पडताळणीत, नोकरीपूर्व चौकशीत, बनावट मालाच्या शोधात आहे. विम्यात हॉस्पिटलचे इनडोअर पेपर (दाखल रुग्णाच्या उपचारांच्या नोंदी), बिलांची नोंदवही आणि औषधांच्या पावत्यांच्या तारखा जुळवायच्या असतात. कुणाचा कॉल रेकॉर्ड ‘काढून देतो’ म्हणणाऱ्या कंपनीत भाच्याला पाठवू नका, तो सरळ गुन्हा आहे, तुरुंगात कामगारच जातो.

वऱ्हाडी
गावातच राहायचं असेल तर पोलीस पाटील. दहावी पास, वय २५ ते ४५, त्याच गावचा रहिवासी. लेखी ८०, तोंडी २०, नेमणूक प्रांताकडून. मानधन २०२४ मध्ये १५,००० झालं. आणि होमगार्ड: दहावी, वय २० पासून. तीन वर्षं सेवा झाली की पोलीस भरतीत ५ टक्के आरक्षण मिळतं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

भिंगरी
माझी उंची १५४.५ भरते 😔 मुलींना १५५ लागते ना?

घाटमाथा
हो, १५५. अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर सपाट पट्टी, अशी परत मोज. सकाळी उठल्या उठल्या माणूस थोडा जास्त भरतो, संध्याकाळचं माप धरू नकोस. नाहीच भरली तर सीबीआय उपनिरीक्षकाला मुलींची अट १५० आहे, आणि लॅबच्या नोकरीत गोळाही फेकावा लागत नाही. विज्ञान आहे ना तुझं?

भिंगरी
बीएस्सी केमिस्ट्री, दुसरं वर्ष!

सीलबंद
मग लॅबचा अभ्यासक्रम उद्याच उघड. विश्लेषणात्मक रसायनशास्त्रापासून सुरू कर, टीएलसी (पातळ थरावर मिश्रणातले घटक वेगळे करणं) आणि यूव्ही स्पेक्ट्रो (अतिनील प्रकाशानं पदार्थ तपासणं) हाताने केलेलं असू दे. प्रॅक्टिकलची वही नीट ठेव.