'का-चिंग!' हा नक्की कसला आवाज आहे?

तिरकी_मान: इंग्लिश सिरीजमध्ये कोणाला बोनस मिळाला, मोठी ऑर्डर आली की लगेच 'का-चिंग!' म्हणतात. पैशाशी संबंध आहे एवढं कळतं, पण आवाज कसला? नाण्यांचा म्हणावा तर नाणी 'का' कशाला करतील? आणि कधी चा-चिंग, कधी कर-चिंग असं ऐकू येतं, ते वेगळे शब्द आहेत का?

बिनधास्त७: पैसे आले, मज्जा! एवढाच अर्थ, फार खोलात जाऊ नका 😀

जुनंपुराणं: नाण्यांचा नाही हो, गल्ल्याच्या मशीनचा. जुन्या कॅश रजिस्टरमध्ये रकमेची बटणं दाबून शेवटचा खटका ओढला की आत खट्ट व्हायचं, ड्रॉवर धाडकन बाहेर यायचा आणि वर घंटी वाजायची, म्हणजे खट्ट ते 'का' आणि घंटी ती 'चिंग'. खरी गंमत पुढेच आहे, ती घंटी गिऱ्हाईकासाठी नव्हतीच, मालकासाठी होती! अमेरिकेत ओहायोमधल्या डेटन गावात जेम्स रिटी नावाचा एक बारवाला होता, त्याचे नोकर पैसे परस्पर खिशात घालायचे. बोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र बघून त्याला सुचलं की विक्रीही अशीच मोजता येईल, आणि १८७९ मध्ये त्याने भावाबरोबर पेटंट घेतलं. मशीनचं नाव काय, तर 'इनकरप्टिबल कॅशियर', म्हणजे पैसे न खाणारा कॅशियर (नोकरांना काय वाटलं असेल!). पुढे अशा मशीनना घंटी आली, मग गल्ला गुपचूप उघडायची सोयच उरली नाही, मालक आतल्या खोलीत असला तरी त्याला कळणार.

शब्दखोर: बाकी सगळं मान्य, पण 'का' म्हणजे खटक्याचा आवाज हे मला पटत नाही. कबूम (स्फोटाचा आवाज), करप्लंक (काहीतरी धपकन पडल्याचा आवाज) यांतही तेच आहे की, तिथे कुठला खटका? आवाजाला जोर यावा म्हणून पुढे का किंवा कर लावायची अमेरिकन बोलीतली जुनी खोड आहे ती. कर-चिंग ब्रिटिश लोक जास्त म्हणतात, त्यातला र ते उच्चारत नाहीत, त्यामुळे ऐकायला जवळपास सारखंच. अर्थ तिन्हींचा एकच.

तिरकी_मान: अच्छा, म्हणजे पैसे 'खुळखुळतात' त्यातला हा आवाज नाही तर. पण मग कोणी नुसती महागडी वस्तू दाखवली तरी का-चिंग म्हणतात ते?

शब्दखोर: तो टोमणा. गल्ला वाजला खरा, पण दुसऱ्याचा.