क्रोशाचा एंजल उभा राहत नाही

नाताळसाठी २० नंबरच्या सुती दोऱ्यात, १.२५ मिमी सुईने एंजल विणतेय. डोकं छान झालंय, पण झग्याला झालर पडते आणि तो बसतो. काय करू?

— फेरीला १२ खांब (क्रोशाचे उंच टाके) वाढवताय का? मग चकतीच होणार! गळ्याशी १२ घ्या, पुढे फेरीला सहाच वाढवा.

— शिवाय कडक करावा लागेलच. फेविकॉल आणि पाणी समसमान. बुडवून पिळा, प्लॅस्टिक गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या शंकूवर चढवा. पंख टाचण्यांनी ताणून रात्रभर वाळवा. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच, साध्या गंजतात आणि पांढऱ्यावरचा तो डाग सहज जात नाही.

— कडक करायला साखरेचा पाक नको हं. गोव्या-कोकणाच्या दमट हवेत चिकट होतो, वर मुंग्या.