अनुभव धागा: झेल सुटला, पुढचा चेंडू यायचाय. ख्रिस्ती श्रद्धा नेमकी कुठे कामी येते?

धागाकर्ता
भारताच्या जेमिमा रॉड्रिग्सने ३० ऑक्टोबर २०२५ला डी. वाय. पाटील मैदानावर महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या आणि नंतर बायबलमधल्या वचनाचा उल्लेख केला. तेव्हापासून 'श्रद्धेने असं काय होतं हो?' हा प्रश्न सारखा कानावर येतोय. खेळाडूंना शिकवणाऱ्यांनी, चर्चमध्ये तरुणांसोबत काम करणाऱ्यांनी लिहावं. आपबिती नको. काय करायचं, किती वेळ आणि कुठे फसतं, तेवढं सांगा.

मैदानाचा_कोपरा
आधी त्या खेळीचा संदर्भ. त्याच स्पर्धेत तिची दोन शून्यं झाली होती आणि इंग्लंडविरुद्ध तिला वगळलं होतं. उपांत्य सामन्यात ती ८२वर असताना ऑस्ट्रेलियाच्या हीलीने तिचा झेल सोडला. म्हणजे चूक झालीच होती, फक्त तिची किंमत मोजावी लागली नाही. शेवटी थकल्यावर ती जे वचन म्हणत होती ते निर्गम १४:१४ मधलं: स्थिर उभी राहा, देव तुझ्यासाठी लढेल.

फलंदाजाला हे असं शिकवता येतं. चुकीचा फटका गेला की क्रीज सोडून स्क्वेअर लेगकडे दोन पावलं. ग्लोव्हचा पट्टा उघडताना चूक एका वाक्यात कबूल करायची: 'डोकं बाहेर पडलं.' पट्टा लावताना वचन, एकदाच. स्टान्स घेतला की वचन बंद, नजर गोलंदाजाच्या हातावर.

फसतं ते इथेच. बरीच मुलं रन-अप सुरू झाला तरी मनात प्रार्थना चालू ठेवतात. डोळे चेंडूकडे असतात, पण लक्ष आत असतं आणि चेंडू हातातून सुटताना उशिरा दिसतो. दुसरी गडबड लांब वचनाची. अख्खं स्तोत्र २३ म्हणायची ही जागा नव्हे. चार-पाच शब्द, एका श्वासात मावतील एवढेच. आणि ते नेटमध्ये रुळलेलं हवं, सामन्याच्या दिवशी शोधून काढलेलं नको.

थेम्सकाठचा
फुटबॉलमधल्या पेनल्टीचं दुखणं वेगळं. तिथे पुढचा चेंडू लगेच येत नाही. इंग्लंडच्या बुकायो साकाची पेनल्टी ११ जुलै २०२१ला युरोच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर अडवली गेली तेव्हा तो १९ वर्षांचा होता. मागोमाग वर्णद्वेषी शिवीगाळ सुरू झाली. ६ जुलै २०२४ला स्वित्झर्लंडविरुद्ध त्याने ८०व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि शूटआउटमध्ये पेनल्टीही मारली. रोज रात्री बायबल वाचतो हे त्याने २०२२च्या विश्वचषकात सांगितलं होतं. पण ही गोष्ट सांगणारे मधला एक दुवा गाळतात: एप्रिल २०२२मध्येच त्याने आपल्या आर्सेनल क्लबसाठी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध पेनल्टी घेऊन गोल केला होता. वाचन भीतीशी बोलतं, पाय मात्र सरावानेच सुधारतात. सराव संपल्यावर, पाय जड असताना पाच पेनल्ट्या. चेंडू ठेवण्याआधी कोपरा ठरवायचा आणि धावताना तो बदलायचा नाही.

वसईकर
रात्रीसाठी येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांची आत्मपरीक्षणाची पद्धत उत्तम. सोळाव्या शतकातली आहे, पाच पायऱ्या, १५ मिनिटं. सामन्यातल्या तीन ठोस गोष्टींसाठी आभार. जे झालं ते जसंच्या तसं दिसावं म्हणून प्रकाश मागणं. मग दिवस क्रमाने आठवणं, व्हिडिओ न लावता. चौथी पायरी क्षमेची, आणि इथे चाळणी लावावी लागते. पाय चुकला, झेल सुटला, हे प्रशिक्षकाच्या वहीत. पंचांशी खोटं बोललो, सोबत्याला शिवी दिली, हे पश्चात्तापात. शेवटी उद्यासाठी एकच सुधारणा, दोन नाहीत.

मुलं तिसऱ्या पायरीवर अडकतात आणि तासभर तोच झेल सोडत बसतात. म्हणून गजर लावा. सुटलेला झेल पापनिवेदनात सांगायला आलेल्या मुलाला फादरसुद्धा हसून परत पाठवतील.

नगरी_पाळकपुत्र
चाळणी पटली. पण उलट बाजूही सांगायला हवी. दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कर्णधार हॅन्सी क्रोनिए उघडपणे ख्रिस्ती होता. २०००च्या सामनानिश्चिती प्रकरणात त्याने दिलेल्या कबुलीत सैतानाचं नाव आलं. आजन्म बंदी मात्र राहिली, आणि राहायलाच हवी होती. देवाने क्षमा केली म्हणजे मंडळाने शिक्षा माफ करावी असा अर्थ कुठेच नाही. बायबलमधल्या लूक १९ मधल्या जक्कय या जकातदाराने फसवणूक चौपट भरून द्यायचं कबूल केलं. खेळात तोच क्रम: आधी कबुली, मग भरपाई, मग निमूटपणे शिक्षा. सैतानावर ढकललेली कबुली अर्धीच.

हिरवळीवरचा
गोल्फवाल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेच्या स्कॉटी शेफलरने २०२२च्या मास्टर्स स्पर्धेत शेवटच्या होलवर चार पट्स (हिरवळीवरचे हलके फटके) घेतले आणि तरीही तीन फटक्यांनी जिंकला. आपली ओळख धावफलकावर ठरत नाही असं मानणारा माणूस आहे. पण तेव्हा त्याच्याकडे पाच फटक्यांची आघाडी होती. उगाच चमत्कार करू नका त्याचा.

मडगावचो
आमच्याकडे मैदानात शिरताना क्रूसाची खूण सगळेच करतात. अडचण नवसाच्या सौद्यात. 'गोल झाला तर मेणबत्ती' म्हणणाऱ्याला गोल हुकला की देवाने शिक्षा केली असं वाटतं, आणि एका चुकीच्या दोन होतात. सामन्याआधीच्या प्रार्थनेत निकाल मागूच नये. धीर, सोबत्यांची सुरक्षा, शिस्त, एवढं पुरे.

प्रशिक्षकांसाठी योहान २१ वाचण्यासारखा आहे. शिष्य पेत्राने येशूला तीनदा नाकारलं होतं. येशू त्याला तीनदा विचारतो आणि प्रत्येक वेळी मेंढरांची जबाबदारी देतो. मैदानावर याचा अर्थ असा: स्लिपमध्ये झेल सोडलेल्या मुलाला डीप थर्ड मॅनला हाकलू नका. दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभा करा. जवळून हलके २० झेल, मग अंतर वाढवत नेहमीच्या वेगावर. समजूत काढून झाली आणि जागा मात्र काढून घेतली, तर मूल समजुतीपेक्षा जागेवरच विश्वास ठेवतं.

धागाकर्ता
संघात निम्मी मुलं ख्रिस्ती नसतील तर?

मैदानाचा_कोपरा
ड्रेसिंग रूममध्ये सक्तीची प्रार्थना नको. पट्ट्याची सवय सगळ्यांना शिकवा, शब्द ज्याचे त्याने निवडावेत. आणि झोप उडाली, रोज रडू येतंय, असं दोन आठवडे चाललं तर वचनाच्या जोडीला मानसोपचारतज्ज्ञ. जेमिमानेही आपल्या अस्वस्थतेबद्दल उघड सांगितलं, आणि देवाबरोबर घरच्यांचं आणि संघातल्या अरुंधती रेड्डीचं नाव घेतलं.